प्लॉट क्रमांक तेरा, पिंपळासहित

मी, कौसल्या बाबुराव नगराळे, वय त्र्याहत्तर, राहणार प्लॉट बारा-तेरा, नवप्रभात कॉलनी, धौलपुरा, जिल्हा सोनीपत, हरियाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. उलट दोघांनी लिहू नकोस म्हणून सांगितले. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. डॉ. प्रणिता कोलते यांचे तसे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

नोकरीची सगळी वर्षे मी दिल्लीत सरकारी बातमी विभागात इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याचे काम केले. तिथे मजकूर वेळेत द्यावा लागे, आणि चूक झालीच तर पुढच्या बातमीपत्रात उघडपणे दुरुस्ती द्यावी लागे. इथेही तसेच केले आहे. यातले एक कलम पुढच्या कलमाने बदलले आहे. ते खोडलेले नाही, कारण ते का बदलले हे मुलांना कळले पाहिजे.

कलम १. माझी माणसे

माझे पती बाबुराव केंद्रीय बांधकाम खात्यात विजेच्या कामावर होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा समाधान गुरुग्रामला असतो, मुलगी मैत्री नागपूरला. दोघांचे संसार चांगले चालले आहेत आणि दोघेही मला फोन करतात, समाधान गाडी चालवताना आणि मैत्री भांडी घासताना.

चौथे माणूस म्हणजे माझी नणंद, बाबुरावांची धाकटी बहीण क्रांती. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी ती जन्मली म्हणून सासऱ्यांनी तिचे हे नाव ठेवले. समाधान तान्हा असताना ती आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये पंधरा दिवसांसाठी आली. माझी ड्यूटी सकाळच्या बातमीपत्राची, ऑफिसची गाडी अंधारातच यायची. मुलांना उठवणे, शाळेत पोहोचवणे, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणे हे क्रांतीने केले. मैत्रीचा पहिला शब्द "आत्या" होता. मला त्याचे वाईट वाटले होते, पण अगदी थोडे.

क्रांतीचे लग्न झाले होते आणि ती त्या घरातून निघून आली. का, हे तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. माझ्यामागे कोणी विचारू नये.

कलम २. अंत्यविधी

त्रिशरण, पंचशील आणि चार शब्द, एवढे पुरे. तेरावे वगैरे करू नये. मात्र आमचे शेजारी दलबीर ताऊ आणि त्यांच्या घरची मंडळी त्यांच्या रिवाजाप्रमाणे रोज येऊन दाराशी जमिनीवर बसतील, हुक्का आणतील आणि माझ्याबद्दल मोठमोठ्याने चांगले बोलतील. त्यांना अडवू नये. चहा द्यावा. बाबुरावांच्या वेळी त्यांच्या त्या बसण्याने मला झोप येऊ लागली होती.

कलम ३. घरातील वस्तू

(अ) बाबुरावांची हत्यारांची पेटी मैत्रीला. लहानपणी ती पेटीजवळ घुटमळायची आणि बाबुराव पाना समाधानच्या हातात द्यायचे. समाधान तो पाना धरून उभा राहायचा. ती चूक आता दुरुस्त व्हावी.

(आ) चहाचे मोठे पातेले समाधानला. दर जानेवारीत पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जाणारी महाराष्ट्रातली मंडळी वाटेत आमच्याकडे थांबतात. गुरुग्राम त्यांच्या वाटेवर नाही हे मला माहीत आहे. तरी त्याच्याकडे माणसे यावीत, अशी माझी इच्छा आहे.

(इ) लोखंडी शिडी राजाभाऊ कावळे यांना. हे बाबुरावांचे ऑफिसातले मित्र, पलीकडच्या गल्लीत राहतात. शिडी त्यांनी दिवाळीच्या माळा लावायला नेली, ती कोणती दिवाळी हे आता त्यांनाही आठवत नसेल. जी वस्तू त्यांच्याकडेच आहे ती त्यांना दिल्याने कोणाची गैरसोय होणार नाही.

(ई) शिवणयंत्र, स्वयंपाकघरातली पितळेची भांडी आणि रेडिओ मी कोणालाही देत नाही. त्या वस्तू क्रांतीच्या आहेत. मुलांनी त्या "आईच्या" समजू नयेत.

कलम ४. बँकेतील ठेवी

यातून प्रथम क्रांतीचे डोळ्याचे ऑपरेशन आणि औषधपाणी व्हावे. ती "मला सगळं दिसतं" म्हणेल. तिला परवा साखरेच्या डब्यात मीठ भरताना मी पाहिले आहे. उरेल ते मुलांनी निम्मे निम्मे घ्यावे.

कलम ५. स्थावर मिळकत आणि तिच्यावर आलेली रेल्वे

नवप्रभात कॉलनीत एकमेकांना लागून दोन प्लॉट आहेत, हे कलम लिहिते त्या दिवशी दोन्ही माझ्या एकटीच्या नावावर. बाईच्या नावावर खरेदी केली की मुद्रांक शुल्क कमी लागते, हे बाबुरावांना कोणीतरी सांगितले होते. त्यात त्यांचे प्रेमही होते, असे मी धरून चालते.

प्लॉट बारावर राहते घर आहे. प्लॉट तेरावर अंगण, हातपंप, क्रांतीची खोली आणि पिंपळ. चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते (समाधान, हे तुझ्यासाठी): तेराच्या पूर्वेला दलबीर ताऊंचे शेत, पश्चिमेला आमचाच बारा, उत्तरेला कॉलनीचा रस्ता, दक्षिणेला नाला. पिंपळाचे रोप क्रांतीने नागपूरहून डालडाच्या डब्यात, रेल्वेच्या वरच्या बर्थवर स्वतःशेजारी निजवून आणले होते. आता त्याच्या सावलीत दोन खाटा मावतात.

आमच्या जिल्ह्यातून अतिवेगवान रेल्वे नेण्याचा प्रस्ताव आहे. मार्ग अजून नक्की नाही, असे अधिकारी सांगतात. मोजणीचे दगड मात्र लागले आहेत. एक दगड दलबीर ताऊंच्या गव्हात आणि पुढचा आमच्या पिंपळाखाली. रेघ तेरा नंबरवरून जाते, बारा वाचतो.

तेव्हापासून कॉलनीत दुसरा विषय नाही. दलबीर ताऊ चौपालावर, म्हणजे गावच्या चावडीवर, बसून म्हणतात, "खेत म्हारा, रेल उनकी, अर रुकैगी भी कोनी!" म्हणजे शेत आमचे, गाडी त्यांची, आणि ती इथे थांबणारही नाही. त्यांचा मुलगा म्हणतो, भाव चांगला मिळाला तर रेल्वे घरातून गेली तरी चालेल. राजाभाऊ मला समजवायला आले.

"वहिनी, देशासाठी थोडा त्याग करावा लागतो."

"तुमचं घर दगडापासून लांब आहे ना, राजाभाऊ?"

"हो, अगदी सेफ."

"मग बरोबर आहे."

समाधान म्हणाला, "आई, यार, आत्ता कुठेही सही नको करूस. थांबलो तर रेट वाढेल." मैत्री म्हणाली, "बिल्कुल सोडायचं नाही. कोर्टात जाऊ." दोघांनाही घराची काळजी आहे. आत्या कुठे राहील, हे मात्र दोघांनी विचारले नाही. ती इतकी कायम तिथे असते की ती कुठेतरी राहते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मी त्यांच्यावर रागावलेली नाही. माझ्याही ध्यानात ते उशिराच आले.

ते कसे, ते सांगते. पिंपळाखालच्या दगडावर मोजणीवाल्यांनी लाल रंगाने आकडे आणि बाण काढला होता. दगड, लाल रंग आणि वर पिंपळ, एवढे एकत्र पाहिल्यावर आसपासच्या बायका थांबतील कशाला? दर शनिवारी त्या पिंपळाला पाणी घालायला येतातच. त्यांनी दगडालाही पाणी घातले. पुढच्या शनिवारी मोहरीचे तेल आले, त्याच्या पुढच्या शनिवारी अगरबत्ती. एका सुनबाईचा नवस क्रांतीच्या कानांवर आला.

क्रांतीचे पित्त खवळले. "माझ्या बापाने आयुष्य घालवलं या दगडांतून बाहेर पडायला, आणि माझ्याच अंगणात नवा देव?" तिने धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि तारेचा घासणा घेतला आणि दुपारभर बसून दगड घासला. संध्याकाळी तो आमच्या भांड्यांसारखा लख्ख होता. आकडे गेले, बाणही गेला. तो सरकारी दगड आहे हे तिला माहीत होते. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर फक्त देव होता.

दुसऱ्या दिवशी कॉलनीत बातमी फिरली की नगराळेंच्या बुआजींनी, म्हणजे आत्याने, रेल्वेची निशाणी पुसली. माणसे तिला बघायला आली. शाळेच्या मैदानावर रेल्वेच्या सुनावणीचा मंडप पडला, तेव्हा तिला पहिल्या रांगेत बसवले, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि माइक हातात दिला.

क्रांती उभी राहून म्हणाली, "देखिए जी, मैं रेल के ख़िलाफ़ नहीं हूँ। मैंने तो बस पत्थर धोया था।"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बुआजी ज़िंदाबाद!" दलबीर ताऊ बाकावर उभे राहिले. पुढचे कोणी ऐकले नाही. घरी येताना ती मला म्हणाली, "वहिनी, मला तर त्या गाडीत बसायचंय गं. एवढ्या वेगात खिडकीतून काय दिसतं ते बघायचंय."

त्याच आठवड्यात एक अधिकारी घरोघरी माणसांची यादी करत आला. कोणत्या घरात कोण राहते, कोणाचे काय जाणार, याची यादी. तेव्हा मी आत गोळ्या घेत होते. अंगणात त्याने क्रांतीला विचारले, "आप मालिक की क्या लगती हैं?"

ती म्हणाली, "मेहमान हूँ।"

त्याने ते लिहून घेतले आणि पुढच्या घरी गेला. क्रांती आत येऊन कणीक मळू लागली. मी आतून ऐकले होते, तरी बाहेर जाऊन ते दुरुस्त केले नाही. रात्री जेवताना तिने मला विचारले, "भाजी तिखट झाली का?" मी म्हटले, नाही. माझे डोळे मात्र पुसावे लागले. दुसऱ्या दिवशी मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

कलम ६. स्थावर मिळकतीची व्यवस्था (कलम ७ पाहावे)

प्लॉट बारावरील घरात क्रांतीला हयातभर राहण्याचा हक्क राहील. तिला कोणी हलवू नये. तिच्यामागे घर समाधान आणि मैत्रीचे, समान. प्लॉट तेरा, किंवा रेल्वेने तो घेतल्यास त्याबदली जे मिळेल ते, मुलांचे समान.

हे लिहून मला समाधान वाटले होते. सुरक्षित घर तिला, रेल्वेची कटकट मुलांना. मग मी ते वाचायला विनय धवसे यांना दिले. विनय वकील आहे, सरोजिनी नगरच्या आमच्या वरच्या मजल्यावर वाढलेला, क्रांतीच्या हातची पुरणपोळी खाऊन.

तो वाचून म्हणाला, "काकू, मजकूर चांगला आहे. पण हे तुमच्यानंतर लागू होणार. यादी आत्ता चाललीय."

"म्हणजे मी लवकर मरायला हवं?"

"काकू, प्लीज. मी सांगतोय की रेल्वे आधी आली तर आत्या यादीत पाहुणीच राहणार. आणि हा राहण्याचा हक्क म्हणजे काय? घर तुमचं, मग मुलांचं. आत्या फक्त मध्ये. उद्या मुलांनी विकायला काढलं, तर कागद घेऊन कोर्टात उभं कोणी राहायचं? आत्यांनी? समाधानच्या विरुद्ध? मेल्या तरी राहणार नाहीत."

हे खरे होते. मी तिला चाळीस वर्षे जसे ठेवले होते, तसेच पुढे ठेवण्याची कायदेशीर व्यवस्था केली होती.

"मग काय करू?"

"द्यायचं असेल तर आत्ता द्या. बक्षीसपत्र करा. अजून भूसंपादनाची अधिसूचना निघालेली नाही. एकदा निघाली की व्यवहार अडतात."

वेळेत मजकूर देण्याची माझी सवय मोडलेली नाही. मी त्याच संध्याकाळी क्रांतीशी बोलले.

कलम ७. कलम ६ ची दुरुस्ती

क्रांती मेथी निवडत होती. मी तिला सांगितले की बारा नंबर, घरासकट, तुझ्या नावावर करते.

"बारा नको," ती मेथीतून मान वर न करता म्हणाली. "द्यायचाच तर तेरा दे."

"अगं, तेरावरून रेघ गेलीय. तो जाईल."

"माहितीये मला. दगड मीच घासलाय."

"मग हट्ट कशाला? पक्कं घर देतेय तुला."

"ते घर दादाने तुमच्यासाठी बांधलं. त्यात तुझं कपाट, पोरांच्या उंचीच्या रेघा. मी त्याची मालकीण झाले, तर समाधान दिवाळीला आला की दारात चप्पल काढतानाच विचारात पडेल. तेरामध्ये माझी खोली आहे, माझा पिंपळ आहे. रेल्वे आली तर बदल्यात जे मिळेल ते माझं. मी पाहिजे तिथे खोली घेईन, हातपंपवाली. नाही आली तर पिंपळ आहेच."

"आणि सगळी कटकट तुझ्या गळ्यात? नोटिसा, सुनावण्या, ऑफिसचे खेटे?"

"वहिनी," ती म्हणाली, "मला आजपर्यंत एक तरी नोटीस आलीय का गं?"

मी नाही म्हटले. तिने मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या.

"येऊ दे की एखादी."

शुक्रवारी आम्ही रिक्षाने तहसिलीत गेलो. तिथल्या बाबूने आम्हा दोघींना कॅमेऱ्यासमोर शेजारी बसवून फोटो काढला. तो म्हणाला, "हँसिए मत, माताजी, रजिस्ट्री है।" दुसऱ्या वेळीही क्रांती हसलीच. तिसऱ्यांदा त्याने नाद सोडला. प्लॉट क्रमांक तेरा, त्यावरील खोली, हातपंप व पिंपळासहित, क्रांती गणपत नगराळे हिला बक्षीसपत्राने दिला. यादीत नाव दुरुस्त करण्याचा अर्जही विनयने त्याच दिवशी दाखल केला.

म्हणून प्लॉट तेराची या मृत्युपत्राने काही वाटणी होत नाही. तो माझा नाही. प्लॉट बारा माझ्यामागे समाधान आणि मैत्रीचा, समान. क्रांतीला त्या घरात केव्हाही येता यावे, जेवता यावे, टीव्ही बघता यावा. पण मधली भिंत पाडून कोणी तेरामध्ये दार काढायचे म्हणेल, तर तिला विचारावे लागेल.

समाधान, तुला हे विचित्र वाटेल. तुला फोन केला तेव्हा तू गाडी बाजूला घेतलीस, मग म्हणालास, "अच्छा केलंस, आई. आत्याला दे फोन." तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. ती ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून उभी होती.

आज सकाळी मोजणीवाले नव्याने निशाणी करायला आले. दोन माणसे, रंगाचा डबा, कागदांची पिशवी. सवयीने माझ्या फाटकाशी येऊन त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला. मी सांगितले, "तेरह नंबर की मालकिन उधर बैठी हैं।"

क्रांती पिंपळाखाली खाटेवर बसली होती. तिने त्यांना समोरच्या खाटेवर बसवले. चष्मा आणायला स्वतः आत गेली, घाईने नाही. कागद पहिल्या ओळीपासून वाचला, उलटून मागची बाजू कोरी आहे हेही पाहिले. एक शब्द तिला कळला नाही, तो त्यांना विचारला. त्यांनाही तो नीट सांगता आला नाही. दलबीर ताऊ बांधावर येऊन उभे राहिले होते.

"माताजी, बस यहाँ साइन कर दीजिए, निशान लगाने की परमिशन है।"

"निशान लगाइए," क्रांती म्हणाली. "पर लाल नहीं। नीला लगाइए। लाल लगाओगे तो फिर धोना पड़ेगा।"

त्यांच्याकडे निळा रंग नव्हता. एकजण मोटारसायकलवरून बाजारात गेला. दुसरा चहा पीत बसून राहिला. निळा रंग आल्यावर तिने सही केली, पूर्ण नाव, सावकाश, मराठीत.

कलम ८. अंमलबजावणी

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी अॅड. विनय धवसे यांना नेमते. त्यांनी याचे हिंदी भाषांतर करून घ्यावे. भाषांतरात काही गाळू नये, शिडीसुद्धा.

वरील सर्व मी समजून, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिले आहे. खालील दोन साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी. क्रांतीलाही साक्षीदार व्हायचे होते. कलम ४ मध्ये तिला काही मिळत असल्यामुळे विनयने मना केले. ती शेजारी उभी राहून आम्ही सह्या नीट करतो की नाही ते पाहत होती.

(सही) कौसल्या बाबुराव नगराळे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. प्रणिता कोलते, नवप्रभात कॉलनी, धौलपुरा
२. (सही) दलबीर सिंह, शेतकरी, धौलपुरा. मजकूर मला हिंदीत वाचून दाखवला, तो बरोबर आहे. रेल्वेला माझा विरोध कायम आहे.

स्थळ: प्लॉट क्रमांक तेरा, पिंपळाखाली, मालकिणीच्या परवानगीने
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५